नभोवाणी शेतकरी मंडळांचा प्रयोग
तत्कालीन मुंबई राज्यातील पुणे, अहमदनगर, नासिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच मराठी भाषक जिल्ह्यांतील १५० गावांत १९५६ मध्ये झालेला संज्ञापनविषयक प्रयोग. युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने तो हाती घेतला व त्याचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत झाले. मूल्यमापनाचे सूत्रधार पॉल नॉयराथ हे व्हिएन्नात जन्मलेले व पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले समाजशास्त्रज्ञ होत. त्यांनी जगदीशचंद्र माथुर यांच्यासह तयार केलेला अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. लोकसंज्ञापन व ग्रामीण लोकशाही यांच्या परस्परसंबंधांवरील भारतातील आरंभीच्या पद्धतशीर संशोधनांत त्याची गणना होते.

प्रयोगाची मूळ कल्पना कॅनडातील १९४१ पासूनच्या शेतकरी मंडळांवरून घेतली होती. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, पुणे केंद्रावरून एकूण वीस कार्यक्रम प्रक्षेपित झाले. शेती, आरोग्य, साक्षरता, ग्रामपंचायत यांसारखे त्यांचे विषय होते. गावातील सुमारे वीस सभासदांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी व जमल्यास निर्णय घेऊन तो अंमलात आणावा, असा क्रम होता. मंडळांचे प्रश्न व अभिप्राय केंद्राकडे जात व त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून दिली जात. एरवी एकाच दिशेने वाहणारे हे माध्यम त्यामुळे काही अंशी दुहेरी झाले.

संशोधनाची मांडणी काटेकोर होती. मंडळे असलेली वीस गावे व मंडळे नसलेली वीस गावे तुलनेसाठी निवडली गेली. दुसऱ्या गटातील निम्म्या गावांत रेडिओसंच होता व निम्म्यांत नव्हता. यामुळे केवळ ऐकण्याचा परिणाम आणि ऐकून चर्चा करण्याचा परिणाम वेगळे काढणे शक्य झाले. मंडळांच्या गावांतील ज्ञानवाढ इतर गावांपेक्षा बरीच अधिक आढळली. रेडिओसंच गावात असणे एवढ्याने फारसे साधत नाही. चर्चेची जोड मिळाली म्हणजेच ऐकलेले मनात रुजते, हा त्याचा इत्यर्थ. अमेरिकेतील १९४० च्या निवडणुकीच्या अभ्यासावरून पॉल लाझार्सफेल्ड व त्यांचे सहकारी यांनी १९४४ मध्ये व्यक्तिगत संपर्काचा प्रभाव माध्यमांहून मोठा असल्याचे दाखविले होते. त्या निष्कर्षाला मराठी खेड्यांतून मिळालेला हा स्वतंत्र दुजोरा म्हणता येईल.

अहवालातील सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण मात्र ज्ञानवाढीचे नसून सत्तेविषयीचे आहे. अनेक मंडळे केवळ श्रोत्यांची न राहता निर्णय घेणारी बनली व सार्वजनिक कामे निवडून आलेल्या पंचायतीपेक्षाही त्वरेने पुढे नेऊ लागली, असे त्यात नोंदविले आहे. हे निरीक्षण आशादायक असले, तरी दहा आठवड्यांच्या उत्साहावर ते आधारलेले आहे. नव्या उपक्रमाचे कुतूहल, अधिकाऱ्यांच्या भेटी आणि आपली पाहणी होत असल्याची जाणीव यांचा त्यातील वाटा किती, हे एवढ्या अल्प अवधीत निश्चित करणे अवघड होते.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. विषयांची निवड शासकीय यंत्रणेची होती, म्हणून चर्चेच्या सीमाही तिनेच आखल्या. वृत्तपत्रे लोकांनी काय विचार करावा यापेक्षा कशाविषयी विचार करावा हे ठरवितात, असे मॅक्सवेल मॅकोम्ब्ज व डॉनल्ड शॉ यांनी १९७२ मध्ये मांडले. या कसोटीवर १९५६ चा काळ बोलका ठरतो. त्याच महिन्यांत संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीने मराठी प्रदेश ढवळून निघाला होता. जानेवारीत मुंबईत गोळीबार झाला होता व फेब्रुवारीत पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली होती. हे राजकीय मत सभा, मोर्चे, शाहिरी कलापथके व वृत्तपत्रे यांतून घडत होते. १९५७ च्या लोकसभा निवडणुकीत नासिकमधून शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे भाऊराव कृष्णराव गायकवाड विजयी झाले. विकासविषयक श्रवणाचे मोजमाप करणाऱ्या प्रश्नावलीतून या घडामोडीचा अंदाज येणे शक्य नव्हते.

गायकवाड हे काळाराम मंदिर सत्याग्रहाचे (१९३०–३५) एक नेते होते. याच जिल्ह्यातील येवले येथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. सार्वजनिक स्थळी कोणी यावे व कोणाचा शब्द ऐकला जावा, हा प्रश्न जेथे इतक्या तीव्रतेने लढला गेला, तेथे ‘गावाची चर्चा’ म्हणजे कोणाची चर्चा, हे आधी विचारणे आवश्यक ठरते. संच सर्वांना सारखाच ऐकू येतो. बोलण्याचा अधिकार मात्र जमीन, जात व लिंग यांनुसार वाटला जातो.

या मर्यादा लक्षात घेऊनही प्रयोगाचे मोल कमी होत नाही. १९५९ नंतर ही योजना देशभर विस्तारली. माध्यमाचा प्रभाव यंत्रात नसून ऐकणाऱ्यांच्या परस्परसंबंधांत असतो, हे त्याने पुराव्यानिशी दाखविले. पुढे दूरचित्रवाणी व भ्रमणध्वनी आले, तरी संदेश किती जणांपर्यंत पोहोचला यावर न थांबता, त्यानंतर कोण बोलले व कोणाचे बोलणे मानले गेले हे पाहण्याची गरज टळलेली नाही.