फोटोओळीत न मावलेले गाव

समुद्रपूर हे वर्धा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. नावात समुद्र असला तरी खरा समुद्र येथून शेकडो मैल दूर आहे. आसपास पसरली आहे ती काळी जमीन आणि तिच्यातला कापूस. नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे जाम याच तालुक्यात येते आणि बाबा फरीदांच्या दर्ग्याची टेकडी असलेले गिरडही याच तालुक्यात. तहसील कचेरी, एस.टी. स्थानक, नागपूर विद्यापीठाशी जोडलेले महाविद्यालय, एवढ्यावर गावाचा दिनक्रम चालतो. अशा गावाचे रोजचे सामुदायिक जीवन वृत्तपत्रांच्या जुन्या छायाचित्रांतून कितपत वाचता येते, हा या लेखाचा विषय आहे. हल्ली स्मरणिकांतून अशी कात्रणे पुन्हा छापली जातात आणि ती पाहणाऱ्याच्या तोंडून ‘काय साधा काळ होता!’ असा उद्गार सहज निघतो. मला तो उद्गार घाईचा वाटतो.

छायाचित्र कागदावर कसे उमटत असे, हे प्रथम ध्यानात घ्यावे लागेल. ऑफसेट येण्यापूर्वी प्रत्येक चित्राचा जस्ताचा ब्लॉक करावा लागे. जाळीच्या काचेतून चित्राचे लहानमोठे ठिपके पाडले जात, आणि वृत्तपत्राच्या खरबरीत कागदासाठी ही जाळी जाडीभरडीच ठेवावी लागे. परिणामी दुपारच्या उन्हात उभ्या असलेल्या सावळ्या माणसाचे डोळे शाईत बुडून जात. उरत असे पांढरी टोपी आणि पांढरे धोतर. ब्लॉकचा खर्च आकारमानावर ठरे. त्यामुळे पुढाऱ्यांचे एककॉलमी मुखवटे छापखान्याच्या खणात कायमचे पडून असत व प्रसंगानुसार पुन्हा पुन्हा वापरले जात, तर गावकऱ्यासाठी नवा ब्लॉक करणे परवडत नसे. कोण दिसावे आणि कोण दिसू नये याचा पहिला निर्णय संपादकाच्याही आधी या हिशेबाने केलेला असे.

आणखी एक गोष्ट. गावचा वार्ताहर छायाचित्र पाकिटात घालून बहुधा एस.टी.च्या वाहकाहाती नागपूरला धाडी. ते दोन-चार दिवसांनी, कधी आठवड्यानेही छापून येई. म्हणून अंकाची तारीख ही प्रसंगाची तारीख नव्हे. कधी निगेटिव्ह उलटी लागे आणि सगळे चित्रच आरशातल्यासारखे छापले जाई. मग फोटोओळीतले ‘डावीकडून’ हे शब्द नेमके उलट माणसांना लागू पडत. सदऱ्याचा खिसा उजवीकडे आणि पदर उजव्या खांद्यावर दिसला, तर जाणत्या वाचकाने सावध व्हावे. घरोघरच्या कात्रणांत तर तारीखच नसते. कात्री चित्राच्या कडेने फिरते आणि वर्तमानपत्राचे नाव, दिनांक रद्दीत जातात. आपल्या पॅरिशमधील कुटुंबांनी जपलेली सणांची व ज्युबिलीची कात्रणेही याला अपवाद नसावीत.

खरी समीक्षा मात्र फोटोओळीची व्हायला हवी. मराठी फोटोओळीचे सारे व्याकरण ‘-ताना’ या प्रत्ययावर उभे आहे: दीपप्रज्वलन करताना, मार्गदर्शन करताना, सत्कार स्वीकारताना, बाजूस मान्यवर. क्रिया चालू आहे, पण ती कधीच पुरी होत नाही. महाविद्यालयाच्या छायाचित्रांत हे विशेष जाणवते. राष्ट्रीय सेवा योजना 1969 साली सुरू झाली, आणि तेव्हापासून श्रमदान शिबिराचे छायाचित्र हा जिल्हा पानाचा एक ठरीव प्रकार होऊन बसला. पाहुण्यांच्या हातात कुदळ असते, कुदळ हवेत असते, आणि पाहुण्यांची नजर कॅमेऱ्याकडे असते. ज्या मुलामुलींनी तो खड्डा खणला ती मागे घोळक्याने उभी असतात. त्यांच्यासाठी फोटोओळीत ‘शिबिरार्थी’ एवढाच शब्द. स्त्रियांच्या वाट्याला तर अनेकदा ‘व महिला’ ही दोनच अक्षरी-शब्दी नोंद येते.

तरीही गाव या चित्रांत आहे. ते कडेला आहे. मोठ्या चित्राच्या कोपऱ्यात ‘उपस्थित जनसमुदाय’ म्हणून जो चौकोन बसवलेला असतो, तो भिंगाखाली धरून पाहावा. सतरंजीच्या एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बाया. मध्ये सोडलेली वाट. मांडीवर झोपलेले मूल. कडेला काढून ठेवलेल्या चपला, त्यांपलीकडे सायकलींना टेकून उभी असलेली, आत येऊन बसावे की नाही हे न ठरलेली माणसे. कोण सतरंजीवर बसतो आणि कोण तिच्या कडेबाहेर, हा प्रश्न या देशात निरागस नाही. व्यासपीठाचे चित्र जे लपवते, ते हा अंगठ्याएवढा चौकोन नकळत सांगून जातो. अर्थात सगळेच तो सांगू शकत नाही. गिरडच्या टेकडीची गर्दी छायाचित्रात दिसते. पण त्या गर्दीत हिंदू आणि मुसलमान दोघेही असतात, किंवा साधूची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाचे तिथे गोल दगड झाले अशी दंतकथा आहे, हे शब्दांनीच सांगावे लागते.

याच जिल्ह्यात याहून वेगळ्या तऱ्हेने पाहण्याचा एक थोर दाखला घडून गेला आहे. सेवाग्राम आश्रमात कनू गांधी या तरुणाने बापूंची छायाचित्रे काढायला सुरुवात केली, तेव्हा बापूंनी तीन अटी घातल्या: फ्लॅश वापरायचा नाही, कुणाला पोझ घ्यायला सांगायचे नाही, आणि आश्रम या कामासाठी पैसा देणार नाही. कॅमेऱ्यासाठी घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले. या अटींतून जे निर्माण झाले त्यात कुष्ठरोगाने पीडित परचुरेशास्त्रींच्या अंगाला मालीश करणाऱ्या गांधीजींचे चित्र आहे. तिथे कुणी कॅमेऱ्याकडे पाहत नाही. ‘-ताना’ हा प्रत्यय तिथे प्रथमच खरा वाटतो, कारण ती सेवा छायाचित्रासाठी थांबलेली नाही.

म्हणून पोझ घेतलेले प्रत्येक चित्र खोटे, असा निष्कर्ष काढण्यास मात्र मी तयार नाही. स्नेहसंमेलनात बक्षीस घेणारी खेड्यातली मुलगी पाहुण्यांकडे न पाहता थेट कॅमेऱ्याकडे पाहते. समीक्षक याला अवघडलेपण म्हणतील. मला त्यात एक हक्क दिसतो. सेवाग्रामात ज्यांचे चित्र निघत होते त्यांना साऱ्या जगाने आधीच पाहिले होते. या मुलीच्या घराण्यात वर्तमानपत्रात येणारी ती पहिलीच असू शकते. तिने ताठ उभे राहावे, हेच योग्य आहे.

सामान्य शेतकरी चित्राच्या मध्यभागी येतो तो बहुधा संकटात. 1972 साली कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, आणि तिच्यामागोमाग खरेदी केंद्रांवर बैलगाड्यांच्या लांबलचक रांगांची छायाचित्रेही आली. ती तक्रार म्हणून छापली गेली. पण गाडीखाली घातलेले अंथरूण, जूवरून उतरवलेले बैल, तीन दगडांची चूल यांमुळे आज तीच त्या काळच्या जगण्याची सर्वांत भरवशाची नोंद ठरतात. समारंभाच्या शंभर चित्रांहून अशा एका रांगेत मला अधिक गाव दिसते.

पुढे 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून विदर्भातील शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या वाढू लागल्या. 2006 साली ज्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचे विशेष पॅकेज जाहीर झाले, त्यांत वर्धा होता. या काळात वृत्तपत्रांत एक नवा ठराविक नमुना रूढ झाला: दारात बसलेली विधवा आणि तिच्या हातात नवऱ्याची तसबीर. छायाचित्रकार तसबीर हातात धरायला सांगतो, ती धरते. सेवाग्रामची दुसरी अट इथे सरसकट मोडली जाते, आणि या मोडण्याचे समर्थन मला सापडत नाही. पण त्या तसबिरीतला माणूसही पाहावा. पुष्कळदा ती एखाद्या ओळखपत्राच्या किंवा पासपोर्ट आकाराच्या फोटोवरून मोठी केलेली असते. मोठी करताना ती पुसट होते, तरी चेहरा ओळखता येतो: केसांना पाणी लावून भांग पाडलेला, सदऱ्याचे वरचे बटण लावलेले, आणि नजर समोर. फोटोओळीत त्याचे नाव बायकोच्या नावानंतर येते.