पिकते तेथे विकत का नाही?

गेल्या काही वर्षांत एक तक्रार आमच्या कानी वारंवार येते. मुंबईत जन्मलेले व मुंबईतच वाढलेले मेटल संगीताचे बँड थोडे नाव होताच परदेशाची वाट धरतात. नॉर्वेत वाजवितात, जर्मनीत वाजवितात, आणि गिरगाव-दादरच्या रसिकाला मात्र त्यांचे दर्शन वर्ष वर्ष घडत नाही. तक्रार करणारे बहुधा तरुण असतात. त्यांचे वडीलधारे ‘पिकते तेथे विकत नाही’ ही म्हण सांगून त्यांची समजूत घालतात आणि विषय तेथेच संपतो. आमच्या मते विषय तेथे सुरू व्हावयास हवा. म्हणीने घटना सांगितली. कारण सांगितले नाही.

प्रथम या संगीताविषयी दोन शब्द. येथे बँड म्हणजे वरातीपुढचा नव्हे. विजेच्या गिटारी, दोन्ही पायांनी वाजविले जाणारे ढोल आणि कधी सुरेल, कधी घशातून खरडून काढलेला आवाज, असा हा चार-पाच जणांचा मेळ असतो. ज्यांचा कान आमच्याप्रमाणे नाट्यगीतांवर व भावगीतांवर पोसला, त्यांना हा निव्वळ कोलाहल वाटतो. आम्हांसही प्रथम तो तसाच वाटला. परंतु त्यातील ‘प्रोग्रेसिव्ह’ म्हणविणारी शाखा थोड्या चिकाटीने ऐकली की कोलाहलातून बांधणी दिसू लागते. चार मात्रांचा सरळ ठेका सोडून पाच, सात, अकरा मात्रांची आवर्तने येतात; एकाच रचनेत ती वाटेत बदलतात; आरंभीचे स्वरवाक्य दहा मिनिटांनी निराळ्या रूपात परत येते. रूपकाच्या सात आणि झपतालाच्या दहा मात्रा ज्या समाजाला परक्या नाहीत, त्याला यात हिशेबाचा आनंद सापडण्यास हरकत नसावी. मात्र असला हिशेब तालमीच्या खोलीत पुरता बसत नाही. तो श्रोत्यांपुढे, रोज नव्या जागी, चुकत-सावरत बसवावा लागतो. म्हणजे या कलेला दौरा हे केवळ मिळकतीचे साधन नव्हे. ती तिची शाळा आहे.

आमच्या रंगभूमीचा इतिहास याहून निराळे सांगत नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस पहिला खेळ केला तो संस्थानिकांच्या आश्रयाने. १८५१ साली चिंतामणराव पटवर्धन निवर्तले, आश्रय आटला आणि मंडळी फिरतीवर निघाली; १८५३ साली ती मुंबईस आली व ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिने खेळ केले. भाव्यांनी सांगलीशी प्रतारणा केली असे आजवर कोणी म्हटलेले नाही. पुढे संगीत नाटकमंडळ्या गावोगाव मुक्काम करीत हिंडल्या, आणि त्या मुक्कामांतच त्यांचे नट तयार झाले. फरक इतकाच की त्यांच्या फिरतीचा मार्ग मराठी मुलखातून जात होता. आजच्या बँडांचा मार्ग समुद्रापलीकडून का जातो, हा खरा प्रश्न होय.

याचे उत्तर आमच्याच शहरात आहे. धोबीतलावला, झेवियर महाविद्यालयाच्या शेजारी, गिरगावातून पायी जाता येईल अशा अंतरावर रंगभवन नावाचे उघडे नाट्यगृह आहे. १९८६ साली सुरू झालेला ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा उत्सव तेथे भरत असे. नवशिके व मुरलेले एकाच मंचावर येत, आणि विद्यार्थ्याच्या खिशाला परवडेल अशा दरात हजारो श्रोते जमत. आजूबाजूस रुग्णालये व शिक्षणसंस्था असल्याने तो परिसर शांतताक्षेत्रात आला आणि २००३ च्या सुमारास तेथील ध्वनिक्षेपक थांबले. नियमाला आम्ही दोष देत नाही. रोग्याच्या झोपेपुढे गिटारीने नमते घ्यावे हे न्याय्यच आहे. पण एक मंच बंद करताना दुसरा देण्याची काळजी कोणी घेतली नाही.

गिरणगावाची कथा याहून विचित्र आहे. ज्या लालबागेत हनुमान थिएटरात गिरणी कामगार तमाशाला गर्दी करीत, त्याच्याच शेजारच्या लोअर परळात, १९८२ च्या संपानंतर गिरण्या ओस पडल्यावर, त्यांच्या आवारांत उपाहारगृहे व मद्यगृहे उभी राहिली. मथुरादास मिलच्या आवारातील ‘ब्लू फ्रॉग’ने २००७ ते २०१६ या काळात अनेक चांगल्या वादकांना मंच दिला, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. परंतु मद्यगृहाचे गणित पेल्यांच्या विक्रीवर चालते, आवर्तनांच्या मोजणीवर नव्हे. तेथे सतरा वर्षांचा मुलगा येऊ शकत नाही, आणि कारकुनाचा मुलगा आला तर दुसऱ्यांदा येत नाही. दुसऱ्या टोकाला २०२३ पासून महालक्ष्मीच्या घोडदौडीच्या मैदानावर ‘लोलापलूझा’चा अवाढव्य मेळा भरू लागला, त्याच्या पहिल्या वर्षी मानाचे स्थान इमॅजिन ड्रॅगन्स व द स्ट्रोक्स या अमेरिकन मंडळींचे होते. म्हणजे एकीकडे पेल्यांमधला कोपरा, दुसरीकडे प्रचंड जत्रा. पाचशे-सातशे खुर्च्यांचे, साध्या दराचे, नित्य चालणारे सभागृह या संगीताला नाही.

आता परदेशाकडे पाहू. साहिल मखिजा यांनी २००० साली मुंबईत स्थापिलेल्या ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ने २०१० साली नॉर्वेच्या इन्फर्नो व चेक देशातील ब्रूटल असॉल्ट या उत्सवांत, २०१२ साली इंग्लंडच्या ब्लडस्टॉकमध्ये आणि २०१४ साली जर्मनीतील वाकेन येथे कार्यक्रम केले. मुंबईच्याच ‘गटस्लिट’ने युरोपाचे दौरे अनेकदा केले. त्यांस तेथे संपत्ती मिळते असा समज असेल तर तो चुकीचा आहे. विमानाचे भाडे, परवान्याचे शुल्क, भाड्याची मोटार आणि भाड्याचीच यंत्रसामग्री यांत बिदागी विरते; विकलेल्या सदऱ्यांवर परतीचा खर्च निघाला तर नशीब. परंतु तेथे एका गावाहून दुसरे गाव चार-पाच तासांच्या वाटेवर असते, आणि प्रत्येक गावी लहानसे का होईना, याच संगीताचे घर असते. तीन आठवड्यांत पंधरा रात्री वाजविता येते. येथे मुंबईहून बंगळूर हजार किलोमीटर. शनिवारी जाऊन सोमवारी कचेरीत हजर राहणाऱ्या वादकाला तेवढ्याच पंधरा रात्री मिळविण्यास वर्ष पुरत नाही.

याचा परिणाम कलाकृतीवर होतो, आणि टीकाकाराची खरी चिंता येथे सुरू होते. ‘डेमॉनिक रिझरेक्शन’चा २०१७ चा ‘दशावतार’ हा ध्वनिसंग्रह घ्या. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांची दहा गीते, भाषा इंग्रजी, मेटलच्या गदारोळात भारतीय वाद्यांचे स्वर. कोकणातील दशावतारी खेळ पाहिलेल्या माणसास नृसिंहासाठी हा कर्कश आवाज मुळीच विसंगत वाटू नये. आमच्या मते ही कृती प्रामाणिक आहे. काही ठिकाणी मात्र वाद्ये ओळखपत्रासारखी पुढे केली जातात. याच्या उलट ‘स्कायहार्बर’. दिल्लीत केशव धर यांनी आरंभलेल्या या बँडात पुढे मुंबईचे वादक आले, गायक आधी इंग्रज व मग अमेरिकन झाला. २०१८ साली त्यांनी बेबीमेटल या जपानी बँडाबरोबर अमेरिकेचा दौरा केला. त्याच वर्षीचा ‘सनशाइन डस्ट’ ऐकताना तो कोणत्या मुलखातला हे सांगता येत नाही. स्वररचना मोहक, बांधणी निर्दोष. पण तिला गाव नाही. परका श्रोता विचारतो, तुमच्यात भारतीय काय? घरचा श्रोता विचारतो, तुम्ही परदेशी बँडांइतके चांगले आहात काय? दोन्ही प्रश्न संगीताबाहेरचे आहेत. ‘हे सातवे आवर्तन का लांबले?’ असे विचारणारा श्रोता केवळ नित्याच्या सहवासाने तयार होतो, आणि तो सहवास येथे नाही.

तेव्हा निवड बँडांनी केली हे म्हणणे अर्धेच खरे आहे. २०२३ साली परळचे दामोदर नाट्यगृह पुनर्बांधणीसाठी बंद झाले, तेव्हा नाटकवाल्यांनी आवाज उठविला आणि आम्हांसारख्या प्रेक्षकांनाही हळहळ वाटली. दादरचे शिवाजी मंदिर, गिरगावचे साहित्य संघ मंदिर यांच्यावाचून मराठी नाटक काय झाले असते, हे आपण जाणतो. परंतु रंगभवनातील संगीत थांबले तेव्हा आमच्यापैकी किती जणांना चुकल्यासारखे वाटले? आम्ही स्वतः त्या दिवसांत ‘बरे झाले, गोंगाट मिटला’ असे म्हटल्याचे आम्हांस स्मरते. आमच्याच वर्गातील मुले तेथे जात होती, हे मनात आले नाही.

म्हणीत पुरता अर्थ नाही, तो यासाठी. पिकते तेथे विकत नाही असे नव्हे. तेथला बाजार उठला आणि आपण त्याची दखलही घेतली नाही. नाटकाच्या एखाद्या सभागृहाने महिन्यातील एक रविवार सकाळ या मुलांना द्यावी, दर नाटकाच्या शेवटच्या रांगेइतका ठेवावा, आणि वडीलधाऱ्यांनी एकदा तरी मागच्या खुर्चीत जाऊन बसावे. कानात कापूस घातला तरी चालेल. मात्रा मोजण्यास त्याची अडचण होत नाही. त्यानंतरही जे परदेशी जातील त्यांस आम्ही आनंदाने निरोप देऊ, कारण मग त्यांच्यापाशी परत येण्याजोगे ठिकाण असेल.