चित्रकथाधारित विज्ञानपट : गृहीतकांची असंभाव्यता

चित्रकथांवरून (कॉमिक्सवरून) निघालेल्या विज्ञानपटांचे कथानक बहुधा एखाद्या असंभाव्य गृहीतकावर उभे असते. असंभाव्यता हा स्वतः दोष नव्हे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दशावतारी खेळात वेद पळविणारा संकासुर साध्या पडद्यापुढे अवतरतो व जत्रेतील प्रेक्षक त्यास निःशंकपणे स्वीकारतात. कारण तेथे भौतिक कार्यकारणभावाचा दावाच नसतो. विज्ञानपट मात्र चमत्काराला कारण देतो आणि त्या कारणाच्या कसोटीस आपण होऊन उभा राहतो.

सुपरमॅन हे पात्र १९३८ मध्ये ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात आले. त्याचे बळ पिवळ्या सूर्याच्या प्रकाशातून येते, हे स्पष्टीकरण पुढे चित्रकथांत रूढ झाले. ‘मॅन ऑफ स्टील’ (२०१३) या चित्रपटानेही ते वापरले. त्यास थोडा आधार आहे. ताऱ्याचा प्रकाश त्याचे तापमान व घटना सांगतो. मालवणच्या उत्तरेस विजयदुर्ग येथे नॉर्मन लॉक्यर यांनी २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणात सूर्याचा वर्णपट अभ्यासला, तो याचसाठी. तथापि भर दुपारच्या निरभ्र उन्हातून दर चौ. मी.ला सु. १ किलोवॉट शक्ती मिळते. ती सर्व वापरली, तरी १ टन वजन १ मी. उचलण्यास सु. १० सेकंद लागतील. ऊर्जा वर्षानुवर्षे साठत जाते, असे मानल्यास ही अडचण सौम्य होते. गृहीतक असंभाव्य खरे, पण सुसंगत आहे.

रिचर्ड डॉनर दिग्दर्शित ‘सुपरमॅन’ (१९७८) या चित्रपटाचा शेवट तसा नाही. भूकंपात लोइस लेन मरण पावताच नायक पृथ्वीभोवती प्रचंड वेगाने फिरून तिचे परिवलन उलटवितो आणि काळ मागे नेतो. परिवलन उलटल्यास सूर्य पश्चिमेस उगवेल. काळ उलटणार नाही. शिवाय मालवणच्या अक्षांशावर (सु. १६° उ.) भूपृष्ठ ताशी सु. १,६०० किमी. वेगाने पूर्वेकडे सरकत असते. ते एकाएकी थांबल्यास अरबी समुद्र सह्याद्रीवर जाऊन आदळेल. पडद्यावर मात्र कोठे खळबळ नाही. नायक स्वतःच काळात मागे जातो व पृथ्वीचे उलटे फिरणे हे त्याचे केवळ दृश्यरूप होय, असे समर्थन केले जाते. ते मान्य केले, तरी गंभीर दोष उरतोच. मानवी इतिहासात ढवळाढवळ न करण्याची पित्याची आज्ञा येथे मोडली जाते आणि तिची काहीही किंमत नायकास मोजावी लागत नाही. क्रिस्टोफर रीव्ह यांनी प्रेयसीच्या मृतदेहापाशी समर्थपणे उभा केलेला आक्रोश त्यामुळे काही मिनिटांतच निरर्थक ठरतो.