दारफळणीचा सण

हायम शमुवेल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेला आणि १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेलेला बेने इस्रायलांचा इतिहास मी यंदा नाशिकमध्ये पुन्हा वाचला, तो सणांच्या नावांसाठी. कोकणात वर्षारंभाचा रोश हशाना ‘नव्याचा सण’ होता. दारं लावून उपास करायचा योम किप्पुर ‘दारफळणीचा सण’, त्याच्या दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’, आणि होळीच्या सुमारास येणारा पुरिम ‘होळीचा सण’.

केहिमकरांचा सगळा भर समाजाचं प्राचीन यहुदी मूळ सिद्ध करण्यावर आहे. ही काळजी अनाठायी नव्हती. पुढे १९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या विवाहांआधी वंशाची चौकशी करायला सांगितली. मोठ्या आंदोलनानंतर १९६४ मध्ये हा प्रश्न सुटला.

तरीही या मांडणीत मूल हरवतं, असं मला वाटतं. परमुलखात आलेल्यांची लेकरं शेजारची होळी बघत वाढली आणि आपल्या सणाला त्याच बोलीत हाक मारू लागली. ही नावं म्हणजे रुजल्याची नोंद आहे. आता अलिबाग-पनवेलहून इस्रायलला गेलेलं मूल डोळ्यांसमोर आणा. तिथे उपासाच्या दिवशी रस्तेही ओस पडतात. सण कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मात्र आजीने शिकवलेलं त्याचं नाव वर्गात कुणालाच कळत नाही.

केहिमकरांनी ही नावं शंकेखोरांना उत्तर म्हणून टिपली. आज त्यांची खरी गरज त्या मुलाच्या नातवंडांना आहे.