विज्ञानपटाची तारीख: परीक्षा, सुगी आणि पडदा

मराठीत चित्रपटाच्या यशापयशाची चर्चा बहुधा कथा, अभिनय आणि संगीत यांच्याभोवती फिरते. तो कोणत्या शुक्रवारी आणि कोणाच्या शेजारी पडद्यावर आला, हा प्रश्न समीक्षेने व्यापाराचा म्हणून बाजूला ठेवलेला दिसतो. सामाजिक नाट्य किंवा विनोदी चित्रपट यांच्या बाबतीत ही उपेक्षा एक वेळ चालून जाते, कारण मराठी प्रेक्षक त्या प्रकारांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो आणि आठवडा इकडचा तिकडे झाला तरी त्यांच्याकडे वळतो. विज्ञानपटाचे तसे नाही. विज्ञानातील एखादी कल्पना, मग ती परग्रहावरचा जीव असो, कालप्रवास असो किंवा मानवनिर्मित बुद्धी, ज्याच्या कथेचा कणा असते आणि जी काढून घेतली तर कथाच कोसळते, असा चित्रपट म्हणजे विज्ञानपट. त्याचा मुख्य प्रेक्षक शाळा-महाविद्यालयांत शिकणारा असतो, त्याचा खर्च संगणकावर घडवलेल्या दृश्यांमुळे वाढलेला असतो आणि त्याची कल्पना अनोळखी असल्याने पाहून आलेल्याने दुसऱ्याला सांगितल्याखेरीज ती पसरत नाही. या तीनही गोष्टी अखेर वेळेशी येऊन थांबतात.

वेळेचा हा प्रश्न पैशात कसा उतरतो, हे आधी पाहिले पाहिजे. तिकिटाचे पैसे चित्रपटगृह आणि वितरक, म्हणजे निर्मात्याकडून चित्रपट घेऊन तो गावोगावच्या पडद्यांवर पोचवणारा व्यापारी, यांच्यात वाटले जातात. २००९ साली निर्माते आणि मल्टिप्लेक्स, म्हणजे अनेक पडद्यांची चित्रपटगृहे, यांच्यातील संप मिटताना जी वाटणी ठरली, तिच्यानुसार वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के असा उतरत जातो. प्रेक्षक तोच आणि तिकीटही तेच, परंतु तो तिसऱ्या आठवड्यात आला तर निर्मात्याच्या हाती कमी पडते. मोठा नट असलेल्या चित्रपटाला ही वाटणी मानवते, कारण त्याची गर्दी पहिल्या तीन दिवसांतच होते. ज्या चित्रपटाला आधी आपली कल्पना समजावून द्यावी लागते, त्याची गर्दी मात्र उशिरा जमते आणि ती जमेपर्यंत खेळांची संख्या बहुधा कापली गेलेली असते. विज्ञानपटाला चुकीची तारीख अधिक महाग का पडते, याचे पहिले कारण या आकड्यांत आहे.

अमेरिकेतील १९८२ सालचा जून महिना या संदर्भात नेहमी आठवला जातो. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘ई.टी.’ ११ जूनला आला आणि दोनच आठवड्यांनी, २५ जून या एकाच दिवशी, रिडली स्कॉट यांचा ‘ब्लेड रनर’ आणि जॉन कार्पेंटर यांचा ‘द थिंग’ प्रदर्शित झाले. मायाळू परग्रहवासीयाने सारे घर जिंकून घेतले असताना अंधारलेले भविष्य आणि माणसाच्या देहात शिरणारा जीव पाहायला प्रेक्षक फारसा फिरकला नाही, आणि आज अभिजात गणले जाणारे हे दोन्ही चित्रपट पहिल्या फेरीत पडले. कलाकृतीचा कस आणि पहिल्या फेरीचा गल्ला यांत किती अंतर असू शकते, हे यावरून दिसते.

हिंदीतील उदाहरणे मराठी प्रेक्षकाच्या अधिक जवळची आहेत. शेखर कपूर यांचा ‘मिस्टर इंडिया’ मे १९८७ मध्ये, म्हणजे भर उन्हाळी सुटीत आला. ‘कोई मिल गया’ ८ ऑगस्ट २००३ रोजी प्रदर्शित झाला. शाळा सुरू होत्या, तरी पुढचाच शुक्रवार १५ ऑगस्टचा असल्याने दुसऱ्या आठवड्याची सुरुवात सुटीने झाली, आणि ज्या मुलांनी त्यातील ‘जादू’ या परग्रहवासीयाविषयी ऐकले होते त्यांना नेमका तेव्हा तो पाहता आला. त्याच महिन्याच्या २७ तारखेला मंगळ पृथ्वीच्या इतका जवळ आला होता की तेवढा तो सुमारे साठ हजार वर्षांत आला नव्हता. गच्चीवर जाऊन आकाशाकडे पाहण्याच्या त्या दिवसांत परग्रहावरच्या पाहुण्याची गोष्ट पडद्यावर असणे हा योगायोग असला, तरी आपल्याकडच्या निर्मात्यांनी असे योग जाणीवपूर्वक कधी शोधलेले दिसत नाहीत. याउलट ‘लव्ह स्टोरी २०५०’ हा खर्चिक चित्रपट ४ जुलै २००८ रोजी ‘जाने तू... या जाने ना’च्या समोर उभा राहिला. दोन्हींचे नायक नवे होते आणि प्रेक्षकवर्ग एकच, तरुणांचा. त्या तरुणाने भविष्यातील मुंबईपेक्षा समोरचे, ओळखीचे महाविद्यालयीन जग निवडले. ‘रा.वन’ने २६ ऑक्टोबर २०११ ही ऐन लक्ष्मीपूजनाची तारीख घेतली. दिवाळी हा चित्रपटांचा मोठा हंगाम खरा, पण लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घर सोडून पडद्यासमोर बसणारी कुटुंबे थोडी असतात आणि खरी गर्दी पाडव्यापासून सुरू होते, हे कोणताही चित्रपटगृहचालक सांगेल.

ही सारी चर्चा महानगरांच्या अंगाने केली जाते, आणि तिथेच ती अपुरी पडते. सोलापूर–तुळजापूर रस्त्यावरील तामलवाडीसारख्या गावाचा विचार केला की तारखेचा अर्थ पालटतो. धाराशिव जिल्ह्याच्या सीमेवरील हे गाव तुळजापूर तालुक्यात, म्हणजे १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या मुलखात येते, तर काही अंतरावरचे सोलापूर जुन्या मुंबई प्रांतातले. चित्रपटांच्या वितरणाने ही राजकीय सीमा नंतरही जपली. देशाचे जे व्यापारी विभाग पाडले गेले आणि ज्यांना सर्किट म्हणतात, त्यांत मराठवाडा निजाम सर्किटमध्ये, तर सोलापूर मुंबई सर्किटमध्ये धरले जाई. एका विभागाचे हक्क एकाने विकत घ्यायचे आणि दुसऱ्याचे दुसऱ्याने, अशी ती पद्धत. चित्रपटाच्या प्रती फिल्मच्या रिळांवर निघत आणि त्या मोजक्या असत, त्या काळात लहान गावांपर्यंत चित्रपट पोचायला महिने लागत आणि पुष्कळदा तो यात्रा-जत्रांत उभ्या राहणाऱ्या तंबूंतूनच दिसे. महाराष्ट्रातील या फिरत्या चित्रपटगृहांच्या शेवटच्या दिवसांचे चित्रण ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या २०१६ च्या माहितीपटात आहे. तेव्हा प्रदर्शनाची तारीख गावासाठी वेगळी होती आणि ती जत्रेची तिथी ठरवत असे. उपग्रहाद्वारे चित्रपट थेट पडद्यापर्यंत पोचवण्याची सोय २००५ च्या सुमारास आल्यावर सगळ्या गावांची तारीख एक झाली. ही मोठीच सुधारणा होती. परंतु तिच्यामुळे गावाचे स्वतःचे वेळापत्रक कोणाच्या गणतीत राहिले नाही.

ते वेळापत्रक मुंबईपेक्षा निराळे आहे. तालुक्यातील सोयाबीन दसऱ्याच्या आगेमागे निघते आणि त्याचे पैसे दिवाळीच्या तोंडावर हातात येतात. ज्वारी आणि हरभऱ्याची सुगी फेब्रुवारी-मार्चची, त्याच दिवसांत द्राक्षांची तोडणी आणि दहावी-बारावीच्या परीक्षाही. जूनमध्ये पाऊस वेळेवर आला तर पेरणी. कोजागरीच्या सुमारास सोलापूरहून तुळजाभवानीच्या दर्शनाला पायी निघालेल्या भाविकांनी हा रस्ता इतका भरतो की तो वाहनांना बंद करावा लागतो. मोठ्या पडद्याचा किंवा त्रिमितीचा चित्रपट पाहायचा तर या प्रेक्षकाला सोलापूर गाठावे लागते, आणि जाण्यायेण्याचे भाडे तिकिटात मिळवले की चित्रपट ही वर्षातून दोन-चार वेळा करण्याची गोष्ट ठरते. असा प्रेक्षक पहिल्या शुक्रवारी क्वचितच येतो. तो चौकशी करून, रविवार किंवा सुटी पाहून येतो, म्हणजे नेमका त्या दिवसांत, जेव्हा लहान चित्रपटाचे दुपारचे किंवा सोयीचे खेळ निघून गेलेले असतात.

मराठी विज्ञानपटाचे अलीकडचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे सुजय डहाके यांचा ‘फुंतरू’. ‘शाळा’ या चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेल्या या दिग्दर्शकाने, केतकी माटेगावकर आणि मदन देवधर यांना घेऊन, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने आपल्या आवडत्या मुलीचा होलोग्राम, म्हणजे प्रकाशाने अवकाशात उभी केलेली त्रिमितीय प्रतिमा, घडवण्याची कथा मांडली. मराठीत असे धाडस दुर्मीळ होते. हा चित्रपट ११ मार्च २०१६ रोजी प्रदर्शित झाला. ज्याच्यासाठी तो केला होता तो सोळा ते बावीस वर्षांचा प्रेक्षक त्या आठवड्यात काय करत होता, हे पाहिले की तारखेचा प्रश्न आपोआप समोर येतो. दहावी आणि बारावीच्या बोर्डाच्या परीक्षा सुरू होत्या; घरात एक परीक्षार्थी असला की मराठी कुटुंबात दूरचित्रवाणीसुद्धा हळू आवाजात चालते, तिथे चित्रपटाला जाण्याची गोष्ट कोण काढणार? जो परीक्षेत नव्हता तो क्रिकेटमध्ये होता. विसावीस षटकांची विश्वचषक स्पर्धा ८ मार्च ते ३ एप्रिल या काळात भारतातच भरली होती, भारताचा पहिला सामना १५ मार्चला नागपुरात झाला आणि १९ मार्चच्या शनिवारी कोलकात्यात पाकिस्तानविरुद्धचा. चित्रपटाचा पहिला आणि दुसरा शनिवार-रविवार या दोन जात्यांमध्ये भरडला गेला आणि तिकीटबारीवर तो फार दिवस उभा राहू शकला नाही.

यावर एक उत्तर असे दिले जाईल की त्या वर्षी मराठवाड्यात भीषण दुष्काळ होता, लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, अशा वर्षी चित्रपटावर खर्च कोण करणार. हे उत्तर टिकत नाही. त्याच दुष्काळात, सात आठवड्यांनी, २९ एप्रिलला ‘सैराट’ आला आणि त्याच सोलापूर-मराठवाडा पट्ट्यातील चित्रपटगृहे त्याने भरून टाकली. शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा तो पहिला मराठी चित्रपट ठरला. अर्थात ‘सैराट’चे यश तारखेचे नाही, ते नागराज मंजुळे यांच्या कथनाचे आणि अजय-अतुल यांच्या संगीताचे आहे. परंतु परीक्षा संपलेल्या, सुटी लागलेल्या आणि पुढे सहा मोकळे आठवडे असलेल्या तरुण प्रेक्षकासमोर तो आला, हेही तितकेच खरे. ‘फुंतरू’ त्या तारखेला आला असता तर ‘सैराट’ झाला नसता. त्याच्यातील विज्ञानाची कल्पना प्रेमकथेच्या चौकटीतून पुरेशी बाहेर पडत नाही, हा त्याचा आतला दोष कोणत्याही शुक्रवारी राहिलाच असता. मात्र आपला प्रेक्षक आहे की नाही, याची परीक्षा देण्याची संधी त्याला मिळाली असती. ती न मिळताच मराठीत विज्ञानपट चालत नाही असा निष्कर्ष काढला जातो, आणि तो अन्यायाचा आहे.

तारखेला सर्वस्व मानणाऱ्यांनी ‘कल्की २८९८ एडी’चा इतिहासही ध्यानात घ्यावा. हा चित्रपट आधी १२ जानेवारी २०२४ या संक्रांतीच्या तोंडावरच्या तारखेला येणार होता, मग ९ मे जाहीर झाली, आणि ती लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत मागे पडली; उस्मानाबाद (धाराशिव) मतदारसंघात ७ मे रोजी आणि चित्रपटाची मुख्य बाजारपेठ असलेल्या तेलंगण व आंध्रात १३ मे रोजी मतदान होते. अखेर तो २७ जूनला आला. शाळा नुकत्याच सुरू झालेल्या, मराठवाड्यात पेरणीची घाई, त्याच रात्री विश्वचषकाचा उपांत्य सामना आणि शनिवारी अंतिम, म्हणजे लहान चित्रपटाने टाळावीत अशी सर्व कारणे एकत्र आली होती. तरीही त्याने जगभरात हजार कोटींहून अधिक गल्ला केल्याचे निर्मात्यांनी जाहीर केले. प्रभास, अमिताभ बच्चन आणि महाभारताची ओळखीची पार्श्वभूमी यांनी अनोळखीपणाचा अडसर आधीच दूर केला होता, आणि पडद्यांची संख्या इतकी होती की समोर दुसऱ्याला जागाच उरली नाही. तारखेची पर्वा न करण्याची ऐपत मोठ्या चित्रपटाला असते. मराठी विज्ञानपटाला ती नाही, आणि मोठ्यांचे अनुकरण करून ती येणारही नाही.

पडद्यांच्या उपलब्धतेपुढे मोठी नावेही थांबतात, हे ‘इंटरस्टेलर’च्या पुनर्प्रदर्शनात दिसले. दहा वर्षे पूर्ण झाल्याने तो डिसेंबर २०२४ मध्ये जगात अनेक ठिकाणी पुन्हा लागला. भारतात मात्र ५ डिसेंबरला आलेल्या ‘पुष्पा २’ने आयमॅक्सचे, म्हणजे अतिभव्य चौकटीचे पडदे व्यापले होते. तो इकडे ७ फेब्रुवारी २०२५ रोजी आला, तरुणांनी गर्दी केली, आणि आठवड्याभरात १४ तारखेला ‘छावा’ आणि नवा ‘कॅप्टन अमेरिका’ येताच त्याला जागा सोडावी लागली. मार्चमध्ये तो पुन्हा आणावा लागला. कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या कथेसाठी भारतीय तरुण तिकीट काढतो, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

आणि कृष्णविवर मराठी वाचकाला तर पन्नास वर्षे ठाऊक आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी जयंत नारळीकरांनी १९७४ साली टोपणनावाने पाठवलेली कथा त्याच विषयाची होती. त्यांच्यासह बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी घडवलेला हा साहित्यप्रकार मोठ्या प्रमाणावर दिवाळी अंकांतून वाचला गेला, म्हणजे सुटीच्या, निवांत वाचनाच्या आणि घराघरांत अंक हातोहात फिरण्याच्या दिवसांत. मराठी विज्ञानकथेला आपला हंगाम सापडला होता. मराठी चित्रपटाने ना त्या कथांकडे पुरेसे पाहिले, ना त्या हंगामाकडे.

मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला मोक्याच्या वेळी खेळ मिळावेत, यासाठी राज्य शासनाने २०१५ मध्ये आग्रह धरला होता. तो आग्रह दिवसातील वेळेचा होता. वर्षातील वेळेचा विचार त्यात नव्हता आणि तो शासनाने करावा अशी अपेक्षाही नाही. तो निर्माते आणि वितरकांनीच करायचा आहे. पुढचा मराठी विज्ञानपट जो कोणी करील त्याने प्रदर्शनाची तारीख चित्रीकरणाआधी ठरवावी, दृश्यपरिणामांच्या कामाला तिच्या मागे पुरेसे महिने ठेवावेत, मार्च टाळावा, एप्रिलचा अखेरचा आठवडा किंवा भाऊबीजेनंतरचा शुक्रवार निवडावा, आणि चित्रपटगृहांशी करार करताना पहिल्या आठवड्यातील खेळ थोडे कमी घेऊन सोलापूर, लातूर आणि धाराशिव येथे तिसऱ्या आठवड्यातही दुपारचा एक खेळ हमखास राहील, अशी अट घालून घ्यावी.