बालीतील नृत्यसंज्ञा आणि सांस्कृतिक पर्यटन

बाली बेटाची ख्याती प्रथम समुद्रकिनाऱ्यामुळे झाली, हा समज बरोबर नाही. १९३० नंतरच्या दशकात तेथे येणारा युरोपीय प्रवासी मुख्यतः नृत्ये व देवालये पाहण्यासाठी येत असे. आज प्रसिद्ध असलेले ‘केचक’ हे त्याच काळातील अपत्य होय. जर्मन चित्रकार वॉल्टर स्पीस व बालीतील नर्तक वायान लिंबाक यांच्या सहकार्याने, अंगात येण्याच्या ‘सांगह्यांग’ विधीतील समूहघोषाला रामायणकथेची जोड मिळाली आणि पाहुण्यांसाठी एक नवा प्रयोग सिद्ध झाला. तेव्हा पाहुण्यांसाठी कला हा प्रश्न जुनाच आहे. नवी आहे ती त्याची परिभाषा.

१९७१ मध्ये, बेटाच्या दक्षिणेस नुसा दुआ येथे हॉटेले एकवटण्याची योजना पुढे आली असता, देनपसार येथे एक परिसंवाद भरला. पवित्र नृत्ये कोणती व लौकिक कोणती, हे ठरविणे हा त्याचा हेतू होता. मौजेची गोष्ट अशी की, या भेदासाठी बाली भाषेत शब्दांची जोडीच नव्हती. ‘साक्राल’ व ‘प्रोफान’ हे युरोपीय शब्द उसने घ्यावे लागले. शेवटी तीन देशी संज्ञा मुक्रर झाल्या : ‘वाली’, ‘बेबाली’ आणि ‘बालिह-बालिहान’. देवालयाच्या आतील, मधल्या व बाहेरील अशा तीन प्रांगणांशी त्यांची सांगडही घालण्यात आली. युनेस्कोने २०१५ मध्ये बालीच्या नृत्यप्रकारांची नोंद केली तीही याच त्रिविध विभागणीने.

या संज्ञा कानाला एका कुळातील वाटतात; वस्तुतः त्या तशा नाहीत. ‘वाली’ व ‘बेबाली’ यांचा अर्थ अर्पणाशी निगडित आहे, आणि मराठी वाचकाला येथे ‘बळी’ या शब्दाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. ‘बालिह’ म्हणजे मात्र पाहणे. म्हणजे पहिल्या दोन संज्ञा ‘नृत्य कोणाला अर्पण केले’ असे विचारतात, तर तिसरी ‘कोण पाहते’ असे विचारते. एका वर्गीकरणात दोन कसोट्या मिसळल्या की ते टिकत नाही, आणि हेही टिकले नाही. देवालयात देवासमोर नाचले जाणारे ‘पेंडेत’ पाहुण्यांच्या स्वागतासाठी वापरले जाऊ लागल्यावर, १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्याच्या जागी ‘पान्येंब्रामा’ नावाचे नवे स्वागतनृत्य मुद्दाम रचण्यात आले होते. पुढे तेच पान्येंब्रामा देवालयात नाचले जाऊ लागले! पंडितांना हा घोटाळा वाटला. परंतु नृत्याचे पावित्र्य हावभावांत नसून ते कोणाला उद्देशून आहे यात असते, एवढेच नर्तिकांनी दाखवून दिले, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. परिभाषा फसली खरी. तथापि तिच्या निमित्ताने एक वेगळी रचना निर्माण झाली आणि पेंडेतला उसंत मिळाली, हा लाभ लहान नव्हे.

स्नानाच्या बाबतीत ही उसंतही नाही. ‘मेलुकात’ या विधीतील ‘लुकात’ शब्दाचा जुन्या जावा भाषेतील अर्थ शापातून सुटणे असा आहे. ताम्पाकसिरिंगजवळील, इ. स. ९६२ च्या सुमारास उभारलेल्या ‘तीर्ता एम्पुल’ या देवालयातील झऱ्याखाली तो केला जातो. (मराठीत ‘तीर्थ’ म्हणजे तळहातावरचे पाणीही आणि क्षेत्रही, बाली भाषेत पवित्र जल हाच अर्थ प्रधान आहे.) स्वास्थ्य-पर्यटनाच्या पत्रकांत हाच शब्द मनःशांती, शुद्धी, ताणमुक्ती अशा अर्थांनी छापला जातो. येथे शाप नाही, सुटकाही नाही. शब्द मात्र तोच. पाहुण्यासाठी निराळे नृत्य रचता आले, निराळे पाणी कोठून आणणार? भाविक व प्रवासी एकाच कुंडात, एकाच रांगेत उभे असतात. मृतांच्या संस्कारांसाठी राखलेल्या धारा टाळण्यास पाहुण्याला सांगितले जाते, तेवढाच काय तो भेद. पाहुण्याच्या स्नानाला स्वतंत्र संज्ञा हवी असेल, तर ती देण्याचा अधिकार प्रवासी-कचेरीचा नसून देवालयाची व्यवस्था पाहणाऱ्या ग्रामसंस्थेचा आहे.