‘नीट मिसळा’ म्हणजे नेमकं काय?

दिवाळीत शिराळ्याला घरी गेले होते, तेव्हा माळ्यावर माझं एमएस्सीचं प्रॅक्टिकल जर्नल सापडलं. तपकिरी कव्हर, आत सर्टिफिकेट, प्रत्येक प्रयोगाखाली लाल पेनाची सही. प्लाझ्मिड डीएनए वेगळं करण्याचा प्रयोग काढला. त्यातल्या एका पायरीवर लिहिलंय (मूळ इंग्रजी, मराठीत सांगते): सोल्युशन दोन घाला आणि नीट मिसळा. पीएचडीच्या पहिल्या वर्षातले माझे दोन महिने या एका ‘नीट’ने खाल्ले. म्हणून आज कुठल्या पेपरवर न लिहिता या जर्नलवरच लिहितेय. तुमच्यापैकी बहुतेकांनी संशोधनाचं पहिलं लिखाण म्हणून तेच लिहिलेलं असतं आणि त्याच्याकडे लिखाण म्हणून कुणी बघत नाही.

आधी त्या पायरीत काय घडतं ते बघा. ही पद्धत बर्नबॉइम आणि डॉली यांनी १९७९ मध्ये मांडली. सोल्युशन दोनमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड आणि एसडीएस असतं. बॅक्टेरियाची पेशी फुटते आणि डीएनएचे दोन्ही पदर सुटतात. क्रोमोसोमचा डीएनए प्रचंड लांब, त्याचे पदर एकमेकांपासून लांब जातात. प्लाझ्मिड म्हणजे छोटं बंद कडं. पदर सुटले तरी साखळीच्या कड्यांसारखे एकमेकांत अडकलेले राहतात. मग आम्लधर्मी पोटॅशियम ॲसिटेटचं सोल्युशन तीन घातलं की प्लाझ्मिड पटकन पुन्हा जुळतं. क्रोमोसोमचा गुंता मात्र प्रथिनं आणि एसडीएसबरोबर पांढरा साका होऊन खाली बसतो.

आता ‘नीट मिसळा’ वाचून मी काय केलं? ट्यूब व्हॉर्टेक्सवर धरली. चांगली दहा सेकंद. नीट म्हणजे जोरात, असंच वाटलं होतं. त्या घुसळण्याने क्रोमोसोमचे बारीक तुकडे होतात, ते साक्यात न जाता प्लाझ्मिडबरोबर वर राहतात आणि जेलवर स्वच्छ पट्ट्यांऐवजी लांबलचक डाग येतो. करायचं होतं इतकंच: झाकण लावून ट्यूब चार-पाच वेळा उलटसुलट करायची, आणि पाच मिनिटांच्या आत सोल्युशन तीन घालायचं. जास्त वेळ ठेवलं तर प्लाझ्मिडसुद्धा असं बिघडतं की परत जुळत नाही.

हे सगळं लिहिलेलं आहे. कोल्ड स्प्रिंग हार्बरचं ‘मॉलेक्युलर क्लोनिंग’ हे मॅन्युअल १९८२ मध्ये आलं, मॅनिॲटिस, फ्रिश आणि सॅमब्रुक यांचं. १९८९ च्या आवृत्तीचे तीन खंड झाले. त्यात पायरीखाली टिपा आहेत: इथे घाई करा, इथे हलवू नका, का हलवू नका. आमच्या जर्नलातली पायरी कुठल्या तरी अशाच पुस्तकातून आली असणार. मग एकावरून दुसऱ्याने, दुसऱ्यावरून तिसऱ्याने उतरवताना टिपा गळाल्या आणि मुख्य ओळी राहिल्या. स्वयंपाकाच्या वहीत ‘फोडणी द्या’ राहावं आणि ‘मोहरी तडतडल्यावर’ गळून जावं, तसं.

मॅन्युअलही निर्दोष नाही हं. उणे ७० चा फ्रीजर आहे, वीज जात नाही, हे ते गृहीत धरतं. थंडीच्या सकाळी सोल्युशन दोनमधलं एसडीएस गोठून पांढरं दिसतं, तेव्हा घाबरायचं नाही, कोमट पाण्यात बाटली ठेवायची. हे मला एका लॅब असिस्टंट काकांनी सांगितलं. आणि किट वापरलं तर बाटल्यांवर नुसते क्रमांक असतात. आत काय आहे हे न कळताच काम होतं. किट बिघडलं की मात्र आपण पूर्ण अडाणी.

आमच्या गावात नाग धरणारी माणसं होती. वारुळ, बीळ ओळखायचं, माती कशी उकरायची, शेपटीला हात कधी घालायचा, मडक्यात कसा सोडायचा, हे कुणी वहीत लिहिलं नाही. सोबत जाऊन बघून शिकले. वन्यजीव कायदा आणि न्यायालयाच्या आदेशानंतर नागपंचमीला जिवंत नाग धरणं बंद झालं, ते योग्यच झालं. पण हातातलं ज्ञान लिहिलं नाही तर एका पिढीत जातं, हेही मी तिथेच पाहिलं. प्रयोगशाळेत उलट आहे. वही आहे, सही आहे, सोबत जाणं नाही. वीस-पंचवीस मुलं, एक सेंट्रिफ्यूज, तीन मायक्रोपिपेट. सर एकदा करून दाखवतात, मागच्यांना दिसत नाही. यात सरांना बोल लावत नाहीये.

माझी खरी तक्रार जर्नलच्या रचनेवर आहे. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. यात ‘काय चुकलं’ला जागाच नाही. आमच्या बॅचमध्ये निम्म्यांच्या जेलवर काहीच आलं नव्हतं, एकाने तर बफरऐवजी नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात ॲगरोज विरघळवलं होतं. पण सगळ्यांच्या जर्नलात तीन स्वच्छ पट्ट्या आहेत. माझ्याही. पेन्सिलीने, पट्टी धरून काढलेल्या.

यात बिघडतं काय, असं वाटेल. मुंबईच्या प्लेग प्रयोगशाळेची गोष्ट बघा, जिला आज आपण हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतो. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुल्कोवालमध्ये १०७ जणांना हाफकिनची प्लेगची लस टोचली. त्यातल्या ५३-एन या एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने गेले. संशय मुंबईवर आला, कारण हाफकिनने कार्बोलिक ॲसिड गाळून फक्त उष्णतेने निर्जंतुक करायला सुरुवात केली होती. त्याला पद सोडावं लागलं. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला, ही बाब वजनदार ठरेपर्यंत आणि रोनाल्ड रॉससारखे लोक जाहीरपणे त्याची बाजू घेईपर्यंत १९०७ उजाडलं. खाली पडलेला एक चिमटा. आपल्या जर्नलात तो कुठल्या मथळ्याखाली लिहाल?

जर्नलचं डावं पान कोरं असतं, आकृतीसाठी. परीक्षेला आकृती लागते, तेवढी काढा. बाकीची जागा वापरा. मी आता वहीत तेच करते. परवाच्या तारखेचं डावं पान असं आहे: सो. २ पांढरं होतं, कोमट केलं. पाच वेळा उलटवलं. तिसऱ्या ट्यूबचं झाकण नीट लागलं नव्हतं, थोडं सांडलं. फोन आला, सो. ३ घालायला सात मिनिटं झाली. जेलवर तिसरी लेन फिकी, नेहमीपेक्षा पुढे पळालेली एक जादा पट्टी.